अंजर्ल्याच्या पुलाखाली गरी टाकून बसलेल्या काकांना

काका, नमस्कार. त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबरही घेतला नाही, एवढंच कळलं की तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालात आणि रविवारी गरी घेऊन बाहेर पडता. म्हणून हे असं उघड लिहितोय, कोणी ओळखत असेल तर काकांना वाचून दाखवा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे ६१ दिवस बोट खाडीत उभी. हर्णैला पावसाळ्यात आडोसा नाही त्यामुळे आमच्या बोटी अंजर्ल्याच्या खाडीत येतात हे तुम्हाला काय सांगायचं. बंदी उठली, बाजूच्या बोटी एकेक करून निघून गेल्या आणि आमचं दोन सिलिंडरचं इंजिन काही केल्या बोलेना. नारळ देऊन झाला, सेल (स्टार्टर) मारून मारून एक बॅटरी उतरवली, दुसरी मागून आणली तीही निम्मी खाल्ली, आणि एका मेकॅनिकने वरवर बघून सांगितलं इंजिनात डिझेल उडवणारा पंप गेलाय, खोलून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवायला, पाठवावा लागेल, आकडा असा सांगितला की बाबा तिथेच फळीवर बसले.

तेवढ्यात तुम्ही गरी गुंडाळत आलात. "अरे किती सेल मारतोस, स्टार्टर जाळशील. धूर कसला येतोय बघितलंस का?"

खरं सांगतो, धूर बघायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात पांढरा धूर आला तर समजायचं डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, आणि धूरच नाही तर डिझेल पोचतच नाहीये. आमच्याकडे धुराचं नाव नव्हतं. "डिझेल इंजिनाला प्लग नसतो बाळा, हवा दाबून तापते, त्यात डिझेल उडालं की पेटतं. पंपापर्यंत काय येतंय ते आधी बघू, मग पंपाला शिव्या दे." इंजिन बंद करायची स्टॉपची वायर गंजून अडकली नाही ना ते बघितलंत, मग पिशवीतून अकराचा पाना काढलात. गरीच्या पिशवीत पाना कोण ठेवतं हो काका!

डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, मला इंजिनावरचा डिझेल ओढायचा हँडपंप मारायला लावलं, फेस आला. मी म्हटलं एअर निघाली, झालं. तुम्ही म्हणालात मारत रहा. मारतोय मारतोय आणि बुडबुडे काही थांबेनात, हात भरून आला. तिथे तुम्ही जे सांगितलंत ते मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय: टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) लाईन डिझेल ओढून घेते, त्यामुळे तिथे बारीक चीर पडली तरी बाहेर थेंब दिसेलच असं नाही, चिरेतून हवा आत जाते. आम्ही दोन दिवस कुठे गळतंय का तेच शोधत होतो!

मग ती गवंड्याची लेव्हल ट्यूब. बाजूच्या बांधकामावरून मागून आणलीत, धुतली, एक टोक कॅनमध्ये आणि एक फीड पंपाला, कॅन बाबांच्या डोक्याएवढा उंच धरायला लावला, पारदर्शक नळीतून स्वच्छ डिझेल उतरताना आम्ही सगळे डोळे फाडून बघत होतो. फिल्टरची एअर परत काढली, नोझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीला, जाणाऱ्या पाईपचे नट अर्धा आटा सैल केले (फवाऱ्यापुढे बोट नेलं म्हणून माझ्या हातावर फटका मारलात, कातडीत घुसतं म्हणालात, तो फटका पण लक्षात आहे), डिझेल उडायला लागल्यावर नट आवळले आणि चौथ्या सेलला इंजिनाने खोकून आवाज दिला. बाबांच्या हातातला कॅन पडायचा राहिला. म्हणजे पंप ठणठणीत, टाकीकडचा रबरी पाईप क्लिपखाली चिरलेला. नवीन पाईप, दोन क्लिपा, तांब्याचे वॉशर, एवढ्यावर काम भागलं.

जाताना फिल्टरच्या वाटीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून दाखवलंत, खाली दोन बोटं पाणी. अर्ध्या टाकीत दमट हवा थंड होऊन पाणी धरतं, बंदीच्या आधी टाकी भरून ठेव म्हणालात. पुढच्या वर्षी भरणार, उधार काढून का होईना. आणि पटकन पेट घेणारा स्टार्टिंग स्प्रे मारून इंजिन चालू करूया म्हणणारा माझा मित्र तुम्हाला घाबरून अजून बोटीकडे फिरकला नाहीये.

पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धा टाकून पळालात कारण ओहोटी लागली होती आणि तुमचा गळ रिकामाच होता, त्याचं मला फार वाईट वाटतंय. पहिल्या फेरीला बांगडा बरा लागला. संध्याकाळी हर्णैच्या लिलावाला या, निळ्या पट्ट्याची बोट विचारा, बाबा रोज विचारतात काका आले का म्हणून. आणि तुमचा अकराचा पाना आमच्याकडेच राहिलाय, पुसून, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलाय.