वाईहून आल्यावर

पुणे, शुक्रवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

गणपतीत तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावला असशील, तरी हे पत्र पुरं वाच. फोनवर मला हे बोलता येणार नाही, आणि तुझ्याशिवाय सांगायचं तरी कुणाला? मी ठीक. आईचा गुडघा तसाच.

मी तिच्या घरी जाऊन आलो, वाईला. गणपती आळीतलं ते घर. तेव्हा घाटावर बसून आपण लांबूनच पाहिलं होतं आणि तू म्हणाला होतास, चल, जाऊन पाणी मागू.

तिला डेंगी झाला. शनिवारी ताप भरला म्हणून ती गावी गेली, सोमवारी रिपोर्ट आला. मंगळवारी रात्री ताप उतरला तेव्हा घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही. आणि रात्री दोनला तिचा मेसेज: पोटात खूप दुखतंय, दोनदा उलटी झाली, आई तीन रात्री जागी आहे, आत्ता कुठे झोपलीय, उठवत नाही.

सकाळी सहाला मी आमच्या डॉक्टरांचं दार वाजवलं. ते म्हणाले, डेंगीत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं, पुढचे 24 ते 48 तास. पोटात असं दुखतंय, उलट्या होतायत, म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपत असू शकतं. तिला घरी ठेवू नका. तिला फोन लावला, उचलेना. घरच्या कुणाचा नंबर माझ्याकडे असणार कुठून? मेडिक्लेमच्या फॉर्मची प्रिंट काढली आणि स्वारगेटला मिळाली ती एसटी पकडली. खंबाटकीचा घाट तेवढा लांब मला कधीच वाटला नव्हता.

दार वडिलांनी उघडलं. "ऑफिसातून आलोय, फॉर्मवर सही हवी होती." त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "या."

आईंनी पोहे पुढे केले, वर लिंबाची फोड. मधल्या खोलीत मच्छरदाणीत ती. चेहरा इतका उतरलेला की मला पटकन ओळखूच येईना. आणि म्हणते काय, "सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" बंड्या, तीन वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो! तू असतास तर पोहे नाकात गेले असते तुझ्या. आई पपईच्या पानांचा रस वाटीत घेऊन आल्या. "ताप गेला हो, आता दोन दिवसांत उभी राहील." ती हसली, आणि तिचा हात पोटावर घट्ट दाबलेला मला दिसला.

मी म्हणालो, "काकू, तिच्या पोटात रात्रीपासून दुखतंय. दोनदा उलटी झालीय. तिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं."

'त्यांच्या' नाही रे, 'तिच्या'. आईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

साताऱ्यात प्लेटलेट 34 हजार निघाल्या. एरवी दीड लाखाच्या वर लागतात. पण डॉक्टरांना त्याहून जास्त काळजी रक्त घट्ट झाल्याची होती. लगेच सलाईन लावलं. बाहेर बाकावर वडील माझ्या शेजारी बसले. बराच वेळ काही नाही. मग एकच प्रश्न: "किती वर्षं?"

"तीन."

ते उठले, खाली गेले आणि दोन कप चहा घेऊन आले.

आज प्लेटलेट 61 हजार आहेत, पोट शांत आहे, सकाळी पेज प्यायली. पण मला अजून झोप येत नाही. तिने तो मेसेज केलाच नसता तर? त्या घरात 'पोट दुखतंय का ग' एवढं विचारायचाही मला हक्क नव्हता. सिंहगडावर तू हेच सांगत होतास, घरी सांगून मोकळे व्हा. मी तुला नको ते बोललो, आणि चार महिने आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आधी तिच्या ताईचं लग्न होऊ दे, मग माझी नोकरी कायम होऊ दे, असं करत आम्ही दिवस ढकलले. तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

बाळाच्या बारशाला आलो नाही, वहिनींची माफी माग. नाशिकचा फ्लॅट ताब्यात आला का? कळव.

वडिलांनी रविवारी घरी बोलावलंय. तेव्हा ती घरी आलेली असेल म्हणतात. आवाजावरून मला काही कळलं नाही. आडनावाचा विषय निघणार, आणि मी एकटा तिथे धड बोलू शकणार नाही. शनिवारी रात्री इकडे ये. सकाळी सहाची गाडी धरू.

तुझाच,
पम्या