अत्तराच्या कुपीवर आधारतेल लिहा

महोदय,

पहिल्या पावसाच्या मातीच्या वासावरचा बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध १९६४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तर कारागीर तो वास त्याआधीपासूनच कुपीत भरत होते! भाजलेली माती तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळायची, झाकण चिकणमातीने लिंपायचे. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते; हेच अत्तराचे आधारतेल. आच सांभाळायची ती केवळ अनुभवाने. चंदन महागल्यापासून त्याच्या जागी पॅराफिन हे खनिज तेल सर्रास वापरले जाते, याचे फार वाईट वाटते. हळदीकुंकवाला आपण मनगटावर लावतो ते अत्तर कशात उतरवले आहे, हे गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे. कुपीवर आधारतेलाचे नाव छापणे सरकारने सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे