शेंगाचटणीवरची फुली खोडणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

किडनी बदललेल्या माणसाच्या रिपोर्टवर पोटॅशियमपुढे ५.८ आकडा आला की घरात काय होतं, ते तुम्ही रोज बघता. ५ च्या आसपास थांबायला हवं ते पुढे गेलं, म्हणून ताटातून एकेक पदार्थ उठायला लागतो. तुमच्याआधी आमच्या हातात जो कागद पडला होता, तो मुळात डायलिसिसवरच्या पेशंटचा होता. झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला. केळी, नारळपाणी, पालेभाज्या, डाळी, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, सगळ्यांपुढे सारख्याच फुल्या. किती खाल्लं तर चालेल, याचा आकडा एकाही ओळीत नाही. देणाऱ्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरीशेजारची शेंगाचटणी बंद म्हणून सांगायचं, तर निदान का ते तरी सांगा की!

तुम्ही तोच कागद पुढ्यात घेतलात आणि विचारलंत, "चटणी कुठल्या चमच्यानं घेता?" मग डब्यातली चटणी चहाच्या चमच्यानं सपाट दोनदा काढून छोट्या काट्यावर ठेवलीत. दहा ग्रॅम. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे दोन चमच्यांत तिखट धरून ७०-८०. एका भरल्या शहाळ्यात ५०० च्या वर जातं. एवढं सांगून तुम्ही पेनानं शेंगदाण्यापुढची फुली खोडलीत आणि शेजारी लिहिलंत, "चटणी, २ चमचे, सपाट. मूठभर दाणे नकोत." हे पत्र खरं तर त्या एका ओळीसाठी आहे. पेशंटनं त्या दिवशी पोटभर जेवण केलं, ताई.

फुली खोडून तुम्ही थांबला नाहीत, खरा चोर शोधलात. मिठाचा पुडा कुठला, ते विचारलंत. बीपीसाठी चांगलं म्हणून जे कमी सोडियमचं मीठ घरोघरी येतं, त्यात काही सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइडनं घेतलेली असते. या पोटॅशियम क्लोराइडच्या एका ग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम, आणि ते जवळपास सगळं अंगी लागतं. भाज्या-फळांतलं तसं सगळं शोषलं जात नाही. म्हणजे भाजी सोडायची आणि तिच्यावर हे मीठ घालायचं, असा उलटा कारभार कितीतरी घरांत चालतो.

मग गोळ्यांची यादी. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसमुळे किडनी पोटॅशियम बाहेर टाकायला कुचराई करते. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिलेल्या सेप्ट्रानमधलं ट्रायमेथोप्रिमही तेच करतं, आणि बीपीची टेल्मिसार्टन त्यात भर घालते. तिन्ही एकत्र चालू असतील तर ताटात कितीही कापाकापी करा, आकडा हलत नाही. घरातले मात्र एकमेकांकडे संशयानं बघतात, कुणी काय खाऊ घातलं म्हणून. तुम्ही ती नावं चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसाठी दिलीत आणि बजावलंत की यातली एकही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, टॅक्रोलिमस तर नाहीच. रक्त घेताना दंडाला पट्टा घट्ट बांधून मूठ उघड-बंद करायला लावली, किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या, तर आकडा खोटा वाढतो; तब्येत ठीक असताना अचानक उडी दिसली तर नमुना परत द्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. पण ६ च्या वर गेलं किंवा छातीत धडधड, हातापायांत अशक्तपणा वाटला, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखाना.

भाजीचं पाणी हा आमच्या बायकांचा जिव्हाळ्याचा विषय. "पाणी ओतू नका, सत्त्व जातं" हे लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही हसून म्हणालात, "इथं तेच घालवायचंय." साल काढायची, पातळ काप करायचे, भरपूर पाण्यात उकळायचे, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. नुसतं गार पाण्यात भिजवून फारसं काही निघत नाही. कुकरमध्ये सालासकट उकडलेल्या बटाट्यात पोटॅशियम जागच्या जागी राहतं. आणि मटणाचं अळणी? त्यात मीठ नाही म्हणून ते पथ्याचं, असा समज गावभर आहे. मटणातलं पोटॅशियम त्याच पाण्यात उतरलेलं असतं.

सोलापूरचा उन्हाळा आला की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो, नाहीतर ओआरएसची पुडी. त्या पुडीतही पोटॅशियम असतंच. तुम्ही साधं पाणी सांगितलंत, दिवसाला किती ते डॉक्टरांना विचारून. फळात सफरचंद चालेल, डाळिंबाचा ग्लासभर रस नको. पपनस मात्र अजिबात नाही, त्यानं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. पोट साफ होतं का, हेही तुम्ही विचारलंत. आधी कुणी विचारलं नव्हतं. थोडं पोटॅशियम त्याही वाटेनं जातं, आणि पोटातलं पोटॅशियम बांधणारी पावडर चालू असेल तर नेमका मलावरोध होतो. ती पावडर बाकीच्या गोळ्यांपासून तीन तास लांब घ्यायची, ही सूचना पुडीवर वाचायला कोण बसतंय?

सगळ्यात मोठा धीर दिलात तो हा, की ही जन्मठेप नाही. टॅक्रोलिमसचा डोस पुढे कमी होत गेला आणि किडनी नीट चालली की बरंच काही परत ताटात येतं. भली माणसं अशीच असावीत, नाही म्हणण्याआधी मोजून बघणारी. हुशार माणसं आपल्याकडे कमी नाहीत. समोरच्याचा डबा उघडून बघणारी कमी आहेत.

एक विचारायचं राहिलं. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, दिवसांत घरात भोगीची भाजी होणारच. ओला हरभरा, गाजर, वांगं, घेवडा उकळून पाणी टाकायचं, तीळ-दाण्याचं कूट दोन चमच्यांवर जाऊ द्यायचं नाही आणि वाटीऐवजी अर्धी वाटी वाढायची, असा आमचा हिशेब आहे. त्या दिवशी चटणी बंद. जमतंय का, तेवढं सांगा.

आपले ऋणी,
एका पेशंटच्या घरची मंडळी, सोलापूर