गटाराला उतार द्या, दरवर्षीची नालेसफाई नको

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्याच्या पावसात माझ्या पिठाच्या गिरणीत गुडघाभर पाणी शिरलं. मोटरचं वाइंडिंग जळलं. लोकांनी दळायला ठेवलेले गव्हाचे, ज्वारीचे डबे पाण्यात गेले. त्यात एका बाळंतिणीच्या घरची नाचणी होती. त्या धान्याचे पैसे मी खिशातून भरले, कारण गिऱ्हाईक माझ्या भरवशावर डबा ठेवून जातं. आमच्या भरवशाचं काय, हे विचारायला हे पत्र.

आमच्या गल्लीत नवं पावसाळी गटार टाकलं तेव्हा अधिकाऱ्यांनी नारळ फोडून सांगितलं होतं, "आता इथे पाणी तुंबणार नाही." परवा चेंबरचं झाकण उघडलं, तर पाईप निम्मा गाळाने भरलेला. शेजारच्या गवंड्याने नळीत पाणी भरून दोन चेंबरांची पातळी धरली. खालच्या चेंबरचा तळ वरच्यापेक्षा चार बोटं उंच निघाला. म्हणजे पाण्याने चढ चढायचा होता!

साहेब, यात गूढ काही नाही. पाणी सेकंदाला साधारण पाऊण ते एक मीटर वेगाने गेलं, तर वाळू आणि माती सोबत घेऊन जातं. वेग मंदावला की ती तळाला बसते. 600 मिमीच्या काँक्रीट पाईपला 500 मीटरला 1 मीटर उतार दिला, तर भरून वाहताना जवळपास हा वेग मिळतो. 2000 ला 1 दिला, तर तो अर्ध्यावर येतो. एकदा पाईप निम्मा गाळाने भरला की मूळ क्षमतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकंच पाणी जातं. बरं, पाईप काठोकाठ वर्षातून कितीदा भरतो? एरवी तळाशी वीतभर पाणी असतं आणि गाळ तेव्हाच बसतो. म्हणून तर इंग्रजांच्या काळात गटारं अंडाकृती बांधत. तळ निमुळता असला की थोडं पाणीही जोरात धावतं. आज रुंद, सपाट तळाची चौकोनी गटारं बांधता, मग निदान मधोमध एक अरुंद पन्हळ तरी काढा. जाळीखालच्या चेंबरचा तळ पाईपापेक्षा फूटभर खोल ठेवा, म्हणजे वाळू तिथेच अडेल आणि वरून उपसता येईल. आमच्याकडे तळ आणि पाईप एकाच पातळीत आहेत. त्यातच बांधकामवाले मिक्सर धुऊन सिमेंटचं पाणी सोडतात. ते आत दगड होऊन बसतं आणि त्यांना कोणी हटकत नाही.

मुंबईचंच बघा. पर्जन्यवाहिन्यांची क्षमता तासाला 25 मिमी पावसावरून 50 मिमी पावसाची करा, असं शहराच्या पावसाळी निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 सालीच सांगितलं. कामाने वेग घेतला तो 26 जुलै 2005 नंतर, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडून माणसं बुडाल्यावर. आणि मिठी नदीचा गाळ उपसण्यात सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा मे 2025 मध्ये पोलिसांनी नोंदवला. मला त्यातून एवढंच दिसतं, की गाळ हा धंदा आहे. उतार एकदा नीट दिला की त्याचं बिल पुन्हा निघत नाही. गाळाचं दर उन्हाळ्यात निघतं. त्यामुळे लेव्हल कोणी तपासत नाही, कार्यकारी अभियंता नाही, ऑडिटवाला नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे, तरी यंत्र जात नाही अशा ठिकाणी शेवटी कुणा गरिबाचाच मुलगा उतरतो. त्याच्या जिवाची किंमत कोणत्या टेंडरात लावली जाते?

मला नुकसानभरपाईची भीक नको. आमच्या गटाराचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, अजून संपलेला नाही. तो संपायच्या आत त्रयस्थ अभियंत्याकडून प्रत्येक चेंबरची लेव्हल घ्या, आकडे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा आणि चुकलेला पाईप ठेकेदाराकडून त्याच्याच खर्चाने उखडून पुन्हा टाकून घ्या. यापुढे लेव्हल तपासल्याशिवाय राज्यातल्या एकाही पावसाळी गटाराचं शेवटचं बिल निघणार नाही, असा शासन निर्णय काढा. तो कधी काढणार, ते तारखेसह लेखी कळवा.

आपला,
एक गिरणीवाला