काका, तुमच्यामुळं आमची लेकरं गाजर गवत मोजायला लागली!

नमस्कार काका,

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो मॅडम त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय सोयाबीनच्या भावावर नेता, म्हणून म्हटलं आता सरळ लिहूनच टाकावं, सगळ्यांसमोर, म्हणजे तुम्हाला मधे तोडता येणार नाही. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण आपल्या लातूरकडं गळ्यात भिंग अडकवून बांधाबांधानं फिरणारे रिटायर्ड कृषी सहायक असे कितीक असतील, ओळखणारे ओळखतीलच.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. काकांची आणि आमची ओळख झाली आयनॅचरलिस्ट या ॲपवर, जिथं झाडांचे-किड्यांचे फोटो टाकले की जाणकार लोक ओळखून सांगतात. मी झेडपीच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, परसबागेत लेकरं माझ्याच मोबाईलवर किड्यांचे फोटो काढायची आणि मी ते ॲपवर टाकायचे. निम्मे हललेले, एकात तर किड्यापेक्षा अंगठाच मोठा. आणि त्या फोटोंखाली एक जण चक्क मराठीत लिहायला लागला. किड्याचं नाव नाही सांगायचा आधी! "पंख दोन आहेत का चार, मोजून सांगा." लेकरं परत पळाली परसबागेत, एवढं निरखून बघितल्यावर कळलं की ज्याला आम्ही सगळे मधमाशी म्हणत होतो त्याला दोनच पंख. म्हणजे ती मधमाशी नव्हतीच, मधमाशीसारखे पट्टे घालून फिरणारी साधी माशी होती, तिला डंखच नसतो, पट्टे नुसते घाबरवायला. तुम्ही डायरेक्ट नाव लिहून मोकळे झाला असता तर लेकरांनी वहीत उतरवलं असतं आणि विसरली असती. आता माझ्या वर्गात कुठलाही किडा आला की पहिला प्रश्न पंख किती हाच असतो.

अकाउंटच्या बाबतीत पण तुम्हीच सावध केलं. १३ वर्षांखालच्या लेकरांनी स्वतःचं खातं काढायचं नाही, सगळं माझ्या नावानं, फोटोत कुणाचा चेहरा नको, शाळेचं लोकेशन धूसर ठेवा. आणि शाळेत लावलेली जास्वंद, झेंडू टाकायचे असतील तर "लागवड केलेलं" अशी खूण करा, पण त्यावर बसलेला किडा मात्र आपणहून आलेला, तो रानटीच धरायचा. हा फरक लेकरांना माझ्याआधी कळला बरं का.

मग तुम्ही मोटरसायकलवर शाळेत आलात ते तुराट्यांची मोळी घेऊन. मला वाटलं कुणाला तरी छडी देताय की काय. त्या तुराट्यांचे ५० सेंमी बाय ५० सेंमीचे चौकोन सुतळीनं बांधून घेतले, फुलांवर ठेवले, आणि १० मिनिटं गप बसून त्या चौकोनात कोण कोण येतंय ते मोजायचं. ब्रिटनमधे लोक असंच मोजतात म्हणालात, तिकडं त्याचा आकडा वर्षानुवर्षं साठवतात. १० मिनिटं गप बसणं, आमच्या चौथीला! पण बसले. खरी अडचण पुढं आली, ज्या गटाच्या चौकोनात एकही किडा आला नाही ते रडकुंडीला, एकानं तर "एक टाकून द्या की मॅडम, कोण बघायलंय" म्हणून सुचवलं. तुम्ही त्याला जवळ घेऊन एवढंच विचारलं की फवारणीनंतर शेतात एकही माशी आली नाही, आणि आपण वहीत एक लिहिली, तर त्या शेतकऱ्याला कोण सांगणार काय बिघडलं ते? तेव्हापासून आमच्या तक्त्यात शून्य ठळक अक्षरात लिहितात. परीक्षेतल्या शून्याची भीती मात्र तशीच आहे.

वांग्याच्या फुलाचं तर मी अजून स्टाफरूममधे सगळ्यांना सांगत असते. वांग्याच्या फुलातली पिवळी नळकांडी असतात त्यांना टोकाला बारीकसं भोक असतं, परागकण आत कोंडलेले, आणि ते बाहेर काढायला माशीनं फुलाला मिठी मारून अंग थरथरवावं लागतं. सातेरी मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला आणि निळ्या पट्ट्याच्या माशीला जमतं. हे नुसतं सांगितलं असतं तर कुणाला पटणार? तुम्ही विज्ञानपेटीतला नादकाटा, म्हणजे ठोकला की थरथरत वाजतो तो काटा, मागवला, वाजवला, फुलाला टेकवला, खाली एका लेकराची काळी पाटी धरली. पाटीवर पिवळी भुकटी! सगळी एकदम ओरडली. तो नादकाटा माझ्या आठवणीत तरी पेटीबाहेर निघालाच नव्हता, आता त्याच्यासाठी भांडणं होतात.

आणि सूर्यफूल. आपल्या भागात एकेकाळी किती असायचं, आता जिकडंतिकडं सोयाबीन. तुम्ही सांगितलं की नोकरीत असताना तुम्ही स्वतः शेतकऱ्यांना सांगत फिरायचा, फुलोऱ्यात सकाळच्या वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलावरून हळू फिरवा, म्हणजे दाणे भरतील. मग लेकरांकडं वळून म्हणालात, जे काम माशी फुकटात करते ते आम्ही मजुरी देऊन करायला सांगत होतो. लेकरं हसली, मला नाही हसू आलं.

घाणेरीचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात अवघड होता आणि तो मी तुमच्यावर ढकलला, त्यासाठी पण आभार. मी शिकवलं की घाणेरी बाहेरून आली, शोभेचं झाड म्हणून इंग्रजांच्या काळात आणली आणि मग रानभर पसरली, आणि एक पोरगी उभी राहून म्हणाली, पण मॅडम मोजणीत सगळ्यात जास्त फुलपाखरं तर घाणेरीवरच आली, मग ती वाईट कशी? बरोबरच आहे की! तुम्ही उत्तर दिलं नाही, सगळ्यांना शाळेमागच्या रुईकडं नेलं. शनिवारी मारुतीला माळ करायला हीच पोरं पानं तोडतात त्या रुईवर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळी शिंगं असलेली अळी सापडली. प्लेन टायगर फुलपाखराची. मग कढीपत्त्यावर नेलं, तिथं पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी. मग घाणेरीवर शोधा म्हणालात. खूप शोधलं, फुलपाखराची एक पण अळी नाही. म्हणजे मोठी फुलपाखरं घाणेरीवर रस प्यायला येतात, पण त्यांची पिल्लं ते खाऊन जगत नाहीत, आणि रुई, तरोटा, कढीपत्ता जिथं घाणेरीनं दाबून टाकला तिथं पिल्लांनी काय खायचं. आता शनिवारची माळ करायच्या आधी पानं उलटून बघतात, अळी असली तर ते पान सोडतात. पुजारीबुवा सुरुवातीला वैतागले होते, आता तेच दाखवतात.

आता गाजर गवत. १६ ते २२ ऑगस्टचा जनजागृती सप्ताह आम्ही दरवर्षी करायचोच, फेरी, घोषणा, फोटो, ग्रुपवर टाकला, संपलं. तुम्ही म्हणालात घोषणा राहू द्या, आधी कुठं कुठं आहे ते तरी बघू. हातात पिशव्या घालून सुद्धा उपटायचं नाही, दमा किंवा अंगाला खाज असलेल्या लेकरांनी लांबूनच बघायचं, फक्त नकाशावर खूण करायची. स्टँड, ओढा, ग्रामपंचायतीमागची जागा, शाळेचं कंपाउंड. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलेलं हे गवत आमच्या गावाच्या नकाशात रस्त्याकडेनं कसं सरकत आलंय ते त्या खुणांवरून सरळ दिसत होतं. आणि कंपाउंडला लेकरांना गाजर गवत खाणारा तो मेक्सिकन भुंगा सापडला, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा, आणि त्यानं पानांची चाळण केलेली. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, नोकरीत असताना तुम्ही हेच भुंगे डब्यात भरून वाटायचा म्हणे.

लगेच प्रश्न आला, भुंगा पण बाहेरचाच ना? तो कसा चालतो? इथं दुसऱ्या कुणी "तो चांगला आहे" म्हणून बसवलं असतं. तुम्ही सगळं सांगितलं, १९८३ मधे बेंगळुरूला मेक्सिकोहून आणला, तपासून मग १९८४ मधे सोडला, आणि पुढं काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफूल खाताना दिसला तेव्हा केवढा गोंधळ झाला, सरकारनं समिती नेमली. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, त्या चवीनं तो पानं कुरतडत होता. चौथीच्या लेकरांना एवढं कशाला, असं एका सरांचं मत होतं. पण हेच त्यांना सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय, घरी जाऊन आजोबांना सांगितलंय. थंडीत भुंगे दिसेनासे झाले तर ती स्वतःच म्हणायलेत, मातीत झोपलेत, पावसाळ्यात येतील.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते आता. बाहेरची झाडं, बाहेरचे किडे अशी यादी फळ्यावर चालली असताना एक पोरगा वीटभट्टीवर आलेल्या लेकराकडं बोट करून म्हणाला, मग हा पण बाहेरचा. वर्ग हसला. मी रागवायला तोंड उघडलं होतं, तुम्ही हातानं थांबवलं आणि विचारलं, आज खिचडीत काय काय होतं? मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा. एकेक लिहिलं आणि एकेकासमोर अमेरिका खंड. घरच्या शेतातलं सोयाबीन चीनकडचं. मग मागून एक मुलगी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, आमचे आईबाप ऊसतोडीला जातेत ना, तिकडं आम्हाला पण बाहेरचेच म्हणतेत. तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात माणसांना ही यादी लागत नाही, आणि झाडाला पण कुठून आलास विचारून काही कळत नाही, तीन गोष्टी बघायच्या. न लावता आपोआप पसरतंय का, त्याच्याखाली दुसरं काही उगवू देतंय का, आणि इथलं कुणी त्याला खातंय का. टोमॅटोला लावून बघा, गाजर गवताला लावून बघा. तो तक्ता अजून भिंतीवर आहे आणि वीटभट्टीवरचं ते लेकरू सध्या आमचं चौकोन-प्रमुख आहे, त्याच्याइतकं स्थिर कुणी बसत नाही. मी डीएडला होते तेव्हापासून आजपर्यंत हा विषय कसा शिकवावा हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

गोगलगायींचं जास्त लिहीत नाही, २०२२ ला सोयाबीनचे कोंब खाऊन दुबार पेरणी करायला लावली ते गावात कुणाला सांगायची गरज नाही. फक्त तुम्ही सांगितलेलं गुळाच्या पाण्यातलं गोणपाट दोन-तीन पालकांनी बांधावर टाकून बघितलं, सकाळी त्याखाली ढीग निघाला, आणि लेकरांनी हात न लावता नुसता फोटो काढला हे कळवायचं होतं.

तूर फुलोऱ्यात आली की या, चौकोन तयार ठेवते. आणि हो, दोन पंखांवाल्या एका काळ्या माशीचा फोटो ॲपवर अजून नुसता "माशी" म्हणून अडकून पडलाय, वेळ मिळाला तर बघा ना, पोरं रोज विचारायलेत.

तुमची,
तिसरी-चौथीची मॅडम