मशीन धडधाकट, बॅटरी मेली

मा. संपादक,

कुडाळ परिसरात मी गेली २६ वर्षे सुतारकाम करतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, नव्या घरात तर मीटरच बसलेला नसतो. म्हणून चार वर्षांपूर्वी बॅटरीवरची ड्रिल मशीन घेतली. गेल्या जूनमध्ये दाराचे बिजागर बसवताना, सहापैकी चौथ्या स्क्रूवर ती थांबली. बॅटरी चार्जरला लावली, तर लाल दिवा नुसता लुकलुकत राहिला.

सेवा केंद्रात उत्तर मिळाले, ‘या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, नवी मशीनच घ्या.’ मोटर, गिअर, चक सगळे ठणठणीत. माझ्या वायरवाल्या जुन्या मशीनचे कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे छोटे तुकडे) झिजले की दहा मिनिटांत बदलून मी पुन्हा कामाला लागतो. इथे बॅटरीपायी अख्खी मशीन भंगारात काढायची?

घरमालक खोळंबलेला, त्यामुळे घाईत एक स्वस्तातली आणली. बॅटरीवर ठळक अक्षरांत ‘४८ व्होल्ट’. सागाच्या चौकटीत भोक पाडताना तिला धाप लागली. ओळखीच्या वायरमनने मल्टीमीटर लावला, पूर्ण चार्ज असताना २०.६ व्होल्ट. झाकण उघडले तर आत अंगठ्याएवढे पाच सेल. या जातीचा लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा, काठोकाठ भरला तर ४.२. पाचांचे झाले १८, फार तर २१. म्हणजे खोक्यांवरचे १८, २०, २१ हे त्याच पाच सेलांचे वेगवेगळे हिशेब. ४८ मात्र निव्वळ थाप.

तिसऱ्या खेपेला मशीनबद्दल काही विचारलेच नाही. ‘हिची सुटी बॅटरी दाखवा,’ एवढेच म्हटले. दोन दुकानांत ‘मागवून देतो’. तिसऱ्याने कपाटातून काढून समोर ठेवली, शिवाय त्याच बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आणि करवतही दाखवली. मशीन तिथेच घेतली. ब्रशलेस आहे, म्हणजे कार्बनची कटकट नाही. आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले तर गावातल्या मेकॅनिकच्या हाताबाहेरचे, हे पत्करूनच घेतली.

केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने, शेतीची अवजारे आहेत. सुतार-फिटरच्या पेटीतली मशीनही त्यात घ्यावी. पाकिटावर किंमत आणि महिना छापावा लागतो, तसेच आत सेल किती, खरे व्होल्ट किती आणि सुटी बॅटरी किती वर्षे मिळेल, हेही छापायला लावावे.

जुनी मशीन अजून पेटीत ठेवली आहे. एखाद्या दुकानात तिची बॅटरी धूळ खात पडली असेल, या आशेवर.

– एक सुतार, कुडाळ (सिंधुदुर्ग)