नाव झाका, पण आकडे कशाला झाकताय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन महिन्यांपूर्वी मी एका पोलीस ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. प्रश्न अगदी साधा होता, मागच्या वर्षी पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) किती गुन्हे नोंदवले आणि त्यातल्या किती गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत संपला. नुसते दोन आकडे. (दोन महिन्यांची मुदत मी मनाने काढलेली नाही, बीएनएसएसच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १९३ मध्येच आहे.) उत्तर आलं एका ओळीचं, "सदर माहिती पीडितांच्या गोपनीयतेशी संबंधित असल्याने देता येत नाही." म्हटलं चला, कोणीतरी काळजी तरी घेतंय.

आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक प्रेस नोट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मुलीचं नाव नव्हतं त्यात, नियम पाळला होता. पण वय, इयत्ता, गावातली वस्ती, वडील कुठे कामाला जातात आणि आरोपी तिचा चुलता, एवढं सगळं व्यवस्थित टाईप केलेलं. आता त्या गावात ती मुलगी कोण हे कळायला कोणाला नाव लागणार आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे गोपनीयतेचा पडदा आहे, पण तो भलत्याच जागी लावलाय. जिच्यासाठी कायदा केला ती उघडी आणि ज्यांनी काम केलं की नाही हे लोकांना दिसायला पाहिजे ते झाकलेले. २०१८ मध्ये निपुण सक्सेना केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की नाव तर नाहीच छापायचं, पण जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट छापायची नाही, आणि पीडिता मरण पावली असली तरी हे लागू आहे. तरी २०२४ ला कोलकात्यात बलात्कार करून खून झालेल्या त्या डॉक्टर मुलीचं नाव आणि फोटो सगळीकडे फिरले आणि शेवटी कोर्टाला ते काढून टाका असा आदेश द्यावा लागला. त्याच्या आधी २०१८ ला जम्मूतल्या कठुआच्या लहान मुलीच्या बलात्कार-खुनाच्या वेळी तिची ओळख उघड केली म्हणून दिल्ली हायकोर्टाने मीडिया हाऊसेसना प्रत्येकी १० लाख भरायला लावले होते. आणि आपल्याच महाराष्ट्रातली १९७२ ची ती पोलीस ठाण्यातली बलात्काराची केस बघा, जिच्यामुळे देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरवणारं आयपीसीचं २२८-अ कलम त्याच दुरुस्तीत आलं (आता ते आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसचं ७२ झालंय, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे). पण ती केस आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखली जाते. मी इथे लिहीत नाही.

याचा अर्थ सगळं बंद करून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाका असा आदेश दिला तो चांगलाच आहे, कारण त्याआधी एफआयआरची कॉपी मिळवायला किती चकरा आणि कोणाकोणाचे हात ओले करावे लागायचे हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. लैंगिक गुन्हे आणि पोक्सो त्यातून वगळलेत तेही बरोबर. पण बाकीच्यांचं काय? एकट्या राहणाऱ्या आजीच्या घरी चोरी झाली तर फिर्यादीत तिचं नाव, वय, पूर्ण पत्ता, घरात कोण कोण असतं आणि काय काय गेलं ते सगळं येतं आणि ते तसंच ऑनलाईन जातं. पुढच्या चोराला वेगळी टेहळणी करायची गरजच नाही. आरोपीला आणि फिर्यादीला पूर्ण कॉपी द्या, ती त्यांच्या हक्काची आहे, पण वेबसाईटवरच्या कॉपीत घर नंबर आणि मोबाईल झाकायला काय हरकत आहे?

आणि झाकायचं तर नीट झाका राव. मला एकाने एका ऑर्डरची पीडीएफ पाठवली, नावावर ठळक काळी पट्टी. सहज मोबाईलवर तिथे बोट दाबून कॉपी केलं आणि दुसरीकडे पेस्ट केलं तर पट्टीखालचं अख्खं नाव बाहेर आलं! मी ती फाईल तिथल्या तिथे डिलीट केली, पण माझ्या आधी ती किती जणांकडे गेली असेल देव जाणे.

परत माझ्या अर्जाकडे येतो. आरटीआयचं, म्हणजे माहिती अधिकार कायद्याचं, कलम १० सांगतं की कागदातला जो भाग देता येत नाही तेवढाच वगळा आणि बाकीचा द्या. माझ्या प्रश्नात तर वगळण्यासारखं काही नव्हतंच. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्याने आरटीआयच्या ८(१)(जे) मधली, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारता येते त्या कलमातली, भाषा इतकी छोटी करून टाकलीय की 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द म्हटले की काम भागतं. व्यापक जनहितासाठी माहिती द्यायची सोय ८(२) मध्ये अजून आहे, फक्त ती आठवण करून द्यायला आपल्यालाच अपिलात जावं लागतं.

तुमच्या पेपरलाही एक विनंती आहे, राग मानू नका. "नाव बदलले आहे" असं कंसात लिहून त्याच बातमीत शाळा आणि गल्ली छापण्यात काही अर्थ नसतो. त्यापेक्षा चार्जशीट कधी गेलं, केस कुठवर आली, तपास कुठे अडकला ते छापा, त्याने कोणाचीच ओळख उघड होत नाही.

पहिलं अपील टाकलंय, ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, फार तर ४५. आकडे मिळाले की पाठवतो, छापाल ना?

आपला,
एक नेहमीचा वाचक